एका हातानं उघडणारी बॅग

कॅमेऱ्याची बॅग घ्यायला गेलं की काउंटरमागचा मुलगा पहिला प्रश्न विचारतो, "मॅडम, काय काय ठेवायचंय?" आपण यादी सांगतो. बॉडी एक, लेन्स तीन, फ्लॅश, चार्जर, जमलं तर लॅपटॉपही. तो यादीच्या मापाची बॅग खाली काढतो, चेन उघडून आतले खण दाखवतो. खण भरपूर असतात. आपण खूश होतो, पैसे देतो. या व्यवहारात कुणी कुणाला फसवत नाही. पण त्या बॅगेतून कॅमेरा काढायची खरी वेळ येते तेव्हा आपण दुकानातल्या काचेच्या काउंटरपाशी नसतो. आपण मंडईच्या पाठीमागे उभे असतो. डाव्या हातात छत्री, पायाखाली कोबीची ओली पानं, मागून हातगाडीवाला "ओ ताई, बाजूला" करत येतोय, आणि समोर डोक्यावरची पाटी उतरवता उतरवता एक आजी शेजारणीच्या कुठल्याशा बोलण्यावर खळखळून हसतायत. ते हसू आपली चेन उघडेपर्यंत थोडंच थांबतंय!

म्हणून मला कुणी बॅगेबद्दल विचारलं की मी आधी उलट विचारते, कॅमेरा काढताना तुझा दुसरा हात कुठे असतो? पुण्यात तो रिकामा सापडणं अवघड. त्यात छत्री असते, हेल्मेट असतं, जाता जाता घेतलेली मेथीची जुडी असते, पीएमपी बसमधला दांडा असतो, नाहीतर कुणीतरी आग्रहानं हातात ठेवलेला अमृततुल्यचा कप. जी बॅग एका हातानं उघडते आणि एका हातानं बंद होते ती कामाची. कापड, पट्टा, आकार, वजन हे सगळं मी याच कसोटीवर घासून बघते. ब्रँड आणि रंग त्यानंतर.

आधी सांगते, मी व्यावसायिक फोटोग्राफर नाही. बँकेत आहे. दुसरा-चौथा शनिवार आणि रविवार माझे. कसब्यातले जुने वाडे, त्यांचे दिंडीदरवाजे, तांबट आळीत तांब्याच्या भांड्यांचं मठारकाम करणारे कारागीर, मंडई, पालखीचा मुक्काम, गणपती. बहुतेक सगळं पायी आणि पेठांच्या पाच-सहा किलोमीटरच्या आत. या कामाला पाठीवरची सॅक का नको, असं सगळे विचारतात. सॅक उत्तमच आहे. सिंहगडाला जायचं असेल तर मी दुसरं काही सुचवणारही नाही. पण सॅकमधला कॅमेरा काढायचा म्हणजे ती पाठीवरून उतरवायची आणि कुठेतरी टेकवायची. टेकवणार कुठे? मंडईतल्या ओल्या फरशीवर? तांबट आळीत पत्र्याच्या कातरणांवर? शिवाय पाठीवर सॅक असली की माणूस मागून किती जाड झालाय हे त्याला स्वतःला कळत नाही. लक्ष्मी रोडवर आपण नुसते वळतो आणि मागच्या काकूंच्या हातातल्या पिशव्यांना धक्का बसतो. त्यावर काकू जे बोलतात ते ऐकायला पुणेकर असावं लागतं.

खांद्यावरची बॅग मात्र वजनाच्या बाबतीत निर्दय असते. माझंच सामान घ्या. निकॉनची डी-७५० बॉडी बॅटरी-कार्डासकट ८४० ग्रॅम. २४-१२० मिलिमीटरची लेन्स ७१० ग्रॅम. लांबचं टिपणारी ७०-३०० जवळजवळ ७५० ग्रॅम. ५० मिलिमीटरची छोटी लेन्स १८५ ग्रॅम, बिचारीचं ओझं ते काय. फ्लॅश सेलसकट पाऊण किलोच्या आत, पण अर्ध्याच्या जवळ. झाले तीन किलो. त्यात बॅगेचं स्वतःचं वजन किलोभर, अर्धा लीटर पाण्याची बाटली, छत्री, किल्ल्या, चष्मा. साडेचार-पाच किलो एका खांद्यावर. शाळेच्या दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावं, असं केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर-धोरणात म्हटलंय. माझ्या वजनाच्या हिशेबानं मी नियमात बसते, पण ते दप्तर दोन खांद्यांवर विभागलेलं असतं. एकाच खांद्यावर तेवढं वजन घेतलं की तो खांदा नकळत वर उचलला जातो, मान दुसरीकडे कलते, आणि संध्याकाळी मानेपासून खांद्यापर्यंतचा स्नायू दगड होतो. यावर पॅड लावणं, पट्टा रुंद करणं वगैरे उपाय आहेत, त्यांच्याकडे येतेच. पण खरा उपाय म्हणजे लहान बॅग घेणं. मोठ्या बॅगेतली रिकामी जागा आपल्याला बघवत नाही. आपण ती भरतोच.

माझा मामा १९८० च्या दशकात लग्नाचे फोटो काढायचा. याशिकाचा दोन भिंगांचा कॅमेरा, १२० चा रोल, एका रोलमध्ये बारा फोटो. त्याच्याकडे रेक्झिनची कडक पेटी होती, आत लाल मखमलीचं अस्तर. कार्यालयात ती पेटी एका खुर्चीवर ठेवून तिच्यावर राखण म्हणून मला बसवायचा. मला तेव्हा वाटायचं, सगळी मजा त्या पेटीत आहे. प्रत्यक्षात मामा लग्न लागताना पेटीकडे फिरकायचाही नाही. अंगात सफारी. त्याच्या उजव्या खिशात कोरे रोल, डाव्या खिशात झालेले. मंगलाष्टकं संपत आली की त्याचं सगळं सामान अंगावर आलेलं असायचं. अंतरपाट खाली येतो, हार पडतात, अक्षतांचा पाऊस होतो, सगळा मिळून काही सेकंदांचा खेळ, आणि त्यात बारा फोटोंपैकी तीन-चारच खर्चायचे. मामाची खरी बॅग म्हणजे तो सफारी होता. पेटी नुसती ने-आण करायला.

पुढे वाचनात आलं की जगात इतरत्रही हीच अडचण होती. फिलाडेल्फिया इन्क्वायरर या अमेरिकी दैनिकाचे छायाचित्रकार जिम डोमके यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यावर स्वतःच्या कामासाठी सुती कॅनव्हासची एक बॅग बनवली. कडक पेट्या त्यांच्या कामाच्या नव्हत्या. ही बॅग मऊ होती, अंगाला लपेटून बसायची, आत फक्त लेन्सपुरते खण आणि बाजूंना फोम जवळपास नाहीच. बातमीदारी करणाऱ्या फोटोग्राफरांनी ती उचलून धरली. इंग्लंडमधल्या बिलिंगहॅमची गोष्ट आणखी गमतीची. ती कंपनी १९७३ मध्ये सुरू झाली ती गळ टाकून मासे पकडणाऱ्यांच्या पिशव्या शिवायला. काही वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं की न्यूयॉर्कमध्ये या पिशव्या फोटोग्राफर विकत घेतायत. मग त्यांनी कॅमेऱ्याच्या बॅगा करायला घेतल्या. मासे धरणाऱ्याचा एक हात गळावर असतो. पिशवी दुसऱ्या हाताला आपोआप उघडायलाच हवी. आमची कसोटी तिथे आधीच पास होती.

आणि आपल्याकडे शबनम होतीच की. खादीची, लांब पट्ट्याची, पुण्यातल्या कवींची, पत्रकारांची, समाजवादी कार्यकर्त्यांची राष्ट्रीय पिशवी. एका हाताच्या परीक्षेत तिला शंभरपैकी शंभर, कारण तिला बंद करायची सोयच नाही. कॅमेरा मात्र तिच्यात ठेवू नये. चालताना तो कमरेच्या हाडावर आपटत राहतो आणि पाऊस आला की आत तळं.

आता उघडण्याकडे येऊ, कारण बॅगेची सगळी विद्या तिथे आहे. वेल्क्रो, चेन, बक्कल आणि चुंबक, हे चार प्रकार. वेल्क्रो एका हातानं झकास उघडतं. कपड्यांना चिकटणारी काटेरी बोंडं पाहून स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्त्राल या इंजिनिअरला ते सुचलं आणि १९५५ मध्ये त्यानं पेटंट घेतलं. माणूस हुशार असणार, पण सदाशिव पेठेतल्या घरगुती बैठकीला तो कधी आला नसणार. एका दिवाणखान्यात पंचवीस-तीस माणसं मांडी घालून बसली होती, विलंबित ख्याल नुकता रंगात आला होता, तंबोऱ्याशिवाय दुसरा आवाज नव्हता. माझ्या पलीकडे बसलेल्या एका हौशी गृहस्थांनी बॅगेचं झाकण उघडलं. खर्रर्र! गाणाऱ्या बाईंनी डोळे उघडले, पहिल्या रांगेतल्या आजोबांनी मान वळवली, आणि यजमानांनी हात जोडले. ते गृहस्थ नंतर बैठक संपेपर्यंत झाकण मिटायची हिंमत करेनात, कारण मिटल्यावर पुन्हा उघडावं लागलं असतं. आतल्या पडद्यांना वेल्क्रो खुशाल असावं, ते रोज कोण हलवतंय. बाहेरच्या झाकणाला नको. असलंच तर मऊ बाजूची एक पट्टी आणून त्यावर कायमची चिकटवून टाकावी.

चेनचं दुखणं वेगळं. चेन ओढताना बॅग दुसऱ्या हातानं धरावी लागते, नाहीतर रनर सरकायच्या ऐवजी आख्खी बॅगच रनरमागे येते. बॅग जितकी हलकी आणि मऊ तितका हा त्रास जास्त. त्यावर सवयीनं जमणारी एक युक्ती आहे. कोपरानं बॅग कमरेला दाबून धरायची आणि त्याच हाताच्या बोटांनी रनर ओढायचा. रनरला दोऱ्याचा किंवा चामड्याचा बोटभर फासा बांधला तर अंधारातही सापडतो. दुकानात बघताना आणखी एक बघावं, चेन कोपऱ्यावर वळते तिथे अडकते का. वळणावर अडकणारी चेन नवी असताना थोडी अडकते आणि जुनी झाली की कायमची.

चुंबकाचं बक्कल मला सगळ्यात आवडतं. झाकण सोडलं की टक्कन आपलं आपण बसतं. चुंबकानं मेमरी कार्डातले फोटो पुसले जातात अशी भीती घालणारे भेटतात. ती भीती खोटी, कारण त्या कार्डात चुंबकीय नोंद नसतेच. मात्र बँकेतली बाई म्हणून सांगते, एटीएम कार्डाच्या पाठीवरची काळी पट्टी चुंबकीय असते. तेव्हा पाकीट त्या बक्कलाला चिकटून ठेवू नका. चिप चालेल, पट्टी रुसेल, आणि मग तुम्ही आमच्या काउंटरवर येऊन आमच्यावर रुसाल.

झाकण कुठल्या बाजूला उघडतं हेही पाहायचं. चेनच्या झाकणाची बिजागरी अंगाच्या बाजूला असली तर उघडलेलं झाकण आपल्या पोटावर उभं राहतं आणि हात आत घालताना मनगटाला आडवं येतं. बिजागरी बाहेरच्या बाजूला असली की झाकण समोर पडतं आणि वरून थेट आत पाहता येतं. दोन बॅगा शेजारी शेजारी गळ्यात अडकवून पाहिल्या तर हा फरक लगेच कळतो. फोटोत मात्र कधीच कळत नाही, आणि बॅगा आपण फोटो पाहून मागवतो.

मापांचंही तसंच. लिहिलेली मापं बहुधा बाहेरची असतात. फोम आणि अस्तर जाऊन आत दोन-तीन सेंटिमीटर कमी मिळतात. लेन्स लावलेला कॅमेरा भिंग खाली करून उभा ठेवायचा, मूठ वर. माझी बॉडी आणि २४-१२० मिळून सतरा-अठरा सेंटिमीटर उंची होते, म्हणून आतली उंची वीस तरी हवी. हूड, म्हणजे भिंगापुढची उजेड अडवणारी टोपी, उलटं फिरवून ठेवावं लागतं, आणि ते काढताना पुन्हा दोन हात. मी हूड सरळच ठेवते आणि त्यापुरती आतली उंची थोडी जास्त बघते.

पावसाचा विषय निघाला की कापडावर गप्पा सुरू होतात. डेनिअर हा आकडा मिरवायला बरा असतो, त्याचा अर्थ साधा आहे. ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनिअर. हजार डेनिअर म्हणजे तेवढा धागा किलोचा. आकडा मोठा तेवढं कापड जाड, आणि जडही. सुती कॅनव्हास दिसायला देखणा, जुना झाला की आणखी देखणा, त्याचा आवाज होत नाही, आणि त्यात कॅमेरा आहे हे चोराला लांबून कळत नाही. पण जुलैतल्या पुण्यात भिजलेला कॅनव्हास दोन-दोन दिवस वाळत नाही आणि तिसऱ्या दिवशी त्याला कुबट वास सुटतो. नायलॉन-पॉलिएस्टर लवकर वाळतं. त्याच्या आतल्या बाजूला पाणी अडवणारा पॉलियुरेथेनचा लेप असतो, तो मात्र आपल्या दमट हवेत काही वर्षांनी चिकट होतो आणि पापुद्रे धरून गळायला लागतो. जुनी बॅग कपाटातून काढल्यावर हाताला काळा चिकचिकाट लागतो तो हाच. असे पापुद्रे लेन्स कॅमेऱ्याला जोडते त्या कडीवर, माउंटवर, पडलेले मला नको आहेत. म्हणून जुन्या बॅगेत मी आधी बोट फिरवून बघते.

मी शेवटी नायलॉनच निवडलं. "पावसाळ्यात नायलॉन, बाकी वर्षभर कॅनव्हास" हे ऐकायला छान वाटतं, पण दोन बॅगा असलेला माणूस कायम घाईघाईत जी हाताशी येईल तीच उचलतो. बॅगेबरोबर फुकट मिळणारं रेनकव्हर मी घरीच ठेवते. ते चढवायला दोन हात आणि शांत डोकं लागतं, आणि पुण्याचा पाऊस यातलं काहीच शिल्लक ठेवत नाही. झाकण दोन्ही बाजूंना चार बोटं खाली उतरणारं असलं की मध्यम सरीला पुरतं. धो धो कोसळायला लागला की वळचणीला उभं राहायचं, तिथेही फोटो असतातच.

घरी आल्यावर कॅमेरा बॅगेत ठेवायचा नाही, हे मात्र मी कुणाच्याही गळी उतरवते. फोम ओल धरून ठेवतो. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर राहिली की भिंगावर बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू वाढायला लागतात आणि ते काचेवरचा लेप खातात. बॅग उघडी करून पंख्याखाली, कॅमेरा-लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या गोळ्या. निळ्या गोळ्या गुलाबी झाल्या की त्यांनी पुरेसं पाणी पिलं असं समजायचं. या निळ्या गोळ्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी, तेव्हा त्या स्वयंपाकाच्या तव्यावर वाळवायला घेऊ नका. केशरी मिळतात त्या घ्या. ओल आटोक्यात ठेवणारं इलेक्ट्रॉनिक कपाट परवडत असेल तर प्रश्नच मिटला, ते ४०-५० टक्क्यांवर लावून ठेवायचं.

राहता राहिला पट्टा. बॅग घेताना आपण त्याच्याकडे बघतसुद्धा नाही, आणि दिवसभर संबंध येतो तो त्याच्याशीच. पुण्यात तर बॅग चालण्याआधी स्कूटरवर बसते. डिकीत ठेवावी तर सीटखाली इंजिनची धग. पुढच्या हुकाला लटकवावी तर प्रत्येक गतिरोधकाला गुडघ्यावर आदळते. पायाशी ठेवावी तर खालून धक्के आणि चिखल. उरते पाठ. आडवा पट्टा घालून बॅग पाठीवर ढकलायची आणि पट्टा आवळायचा. सैल राहिला तर ब्रेक मारताच बॅग काखेखालून पुढे येते आणि थेट हँडलवर. उतरल्यावर मात्र तोच पट्टा सैल करून बॅग पोटाशी आणावी लागते, तिथेच ती उघडता येते. म्हणजे पट्टा आवळणं आणि सैल करणं दिवसातून अनेकदा. हेही एका हातानं झालं पाहिजे, कारण दुसऱ्यात हेल्मेट आहे. कारच्या सीटबेल्टसारखी गुळगुळीत विणीची पट्टी आणि ओढून सोडायचं बक्कल असेल तर होतं. जाड खरखरीत नवार असेल तर होत नाही. रबरी दाण्यांचं पॅड खांद्यावरून घसरत नाही हे खरं, पण त्यामुळेच ते सरकवतानाही अडतं आणि ओढणी ओरबाडतं.

शिवाय हे पट्टे कुणाच्या उंचीवर बेतलेले असतात देव जाणे. पाच फुटांच्या बाईनं सगळ्यात आखूड करून घातला तरी बॅग मांडीवर बडवते, आणि आडवा घातला तर कडक कड मानेला काचते. बायकांनी दुकानात पट्टा आडवा घालून, हात वर करून, वाकून, सगळं करून पाहावं. दुकानातले लोक बघतात. बघू देत.

माझा पट्टा मी रविवार पेठेत कापून घेतला. तिथे चेन, बक्कलं, नवार, रेक्झिन, फोम असं बॅगांचं सामान विकणारी दुकानं आहेत आणि त्यांच्या आसऱ्यानं बसणारे कारागीरही. एका काकांकडे गेले आणि म्हटलं, एवढा कापून द्या. त्यांनी कात्री उचलली नाही.

"ताई, कापायला काय, आत्ता कापतो. परत लांब कोण करून देणार?"

"मग?"

"गाडी आणलीय ना? बसा तिच्यावर."

भर रस्त्यात, कडेला लावलेल्या माझ्या स्कूटरवर त्यांनी मला बॅगेसकट बसवलं. हँडल धरायला लावलं. मग उतरून उभं राहायला सांगितलं, बॅग पुढे घ्यायला लावली. प्रत्येक वेळी खडूनं पट्टीवर एक रेघ. तीन रेघा झाल्या. सगळ्यात लांबच्या रेघेपुढे चार बोटं सोडून त्यांनी कापलं, टोक मेणबत्तीवर धरून वितळवलं, दुमडलं आणि चौकोन मारून त्यात फुलीची शिवण घातली. मग बॅग उलटी केली, पट्ट्याच्या मुळाशी अंगठा दाबून बघितला. "बॅग कापडात फाटत नाय. हितं फाटते." प्लॅस्टिकची कडी काढून त्यांनी डी आकाराची लोखंडी कडी बसवली आणि आतून नवारीचा तुकडा लावून शिवण दुहेरी केली. हे कुठल्या जाहिरातीत वाचायला मिळत नाही. मी आता कुणाचीही नवी बॅग हातात घेतली की आधी तिथे अंगठा दाबते.

अनंत चतुर्दशीला मात्र या सगळ्या विचाराला एक पुस्ती जोडावी लागली. तोवर मी काढण्याचाच हिशेब करत होते. मिरवणुकीत काढण्याइतकंच आत टाकणं महत्त्वाचं असतं. कॅमेरा तसाही गळ्यातच असतो. मंडईपासून अलका टॉकीजच्या चौकापर्यंत माणसाला माणूस चिकटलेलं, ढोल-ताशाचा आवाज छातीत घुमतोय, पथकाभोवतीचा दोर मागे सरकतोय, आणि अचानक कुणीतरी मुठीनं गुलाल उधळतं. गुलाल भारी चिवट. तो लेन्सच्या रिंगमध्ये जातो, बटणांच्या फटींत जातो, चेनच्या दातांत बसतो. त्या क्षणी, न बघता, एका हातानं कॅमेरा आत जाऊन झाकण पडलं पाहिजे. मऊ बॅगा इथे दगा देतात. कॅमेरा बाहेर काढला की त्यांचं तोंड आपोआप मिटतं आणि आत टाकताना हात चाचपडत राहतो. बॅगेचं अंग मऊ चालेल, पण तोंडाच्या कडेला जरा ताठा हवा. माझ्या बॅगेला तो नव्हता. त्याच काकांनी तोंडाच्या शिवणीतून प्लॅस्टिकची एक पातळ पट्टी ओवून दिली.

मेट्रो झाल्यापासून मंडईपर्यंत मी कधीकधी भुयारातून येते. तिथे बॅग एक्स-रे यंत्रातून जाते, त्यानं डिजिटल कॅमेऱ्याला काही होत नाही. यंत्राच्या पट्ट्यावर बॅग ठेवायला आणि उचलायला वरचं हँडल लागतं, एवढं लक्षात असू द्या. बऱ्याच खांद्याच्या बॅगांना ते नसतं आणि मग पट्टा रोलरमध्ये अडकतो.

एक काम मात्र एका हातानं होत नाही, लेन्स बदलणं. एक हात बॉडीला, एक जुन्या लेन्सला, आणि नवी लेन्स धरायला तिसरा. पोटाशी आडव्या असलेल्या बॅगेचं उघडं तोंड थोडंफार त्या तिसऱ्या हाताचं काम करतं. पण पेठेतल्या धुळीत, पावसाच्या शितोड्यांत कॅमेऱ्यातला सेन्सर, चित्र उमटतं तो भाग, उघडा टाकायला मन घेत नाही. त्यावर मी काही तोड काढली नाही. रस्त्यात लेन्स बदलायची नाही, असं ठरवून टाकलं. २४-१२० लावलेलीच असते, वाड्यातल्या अंधारासाठी ५० बरोबर असते, आणि ती आत कुणाच्या तरी ओसरीवर बसून बदलता येते. फ्लॅश लग्नमुंजीपुरता. ७०-३०० बॅगेबाहेर गेली तेव्हा बॅगेचा एक आख्खा खण रिकामा झाला. तो मी भरण्याआधी बॅगच एक माप लहान घेतली.

ती ७०-३०० लेन्स सध्या माझ्या भाचीकडे आहे. हिवाळ्यात ती मैत्रिणींबरोबर भिगवणला जाते, कुंभारगावच्या होडीत बसून उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी टिपते. ती सॅक नेते आणि तिथे सॅकच बरोबर आहे. होडीत बसल्या जागी सॅक दोन पायांत घट्ट धरता येते, दोन्ही हात मोकळे असतात, गर्दी नाही, छत्री नाही, मागून "बाजूला" ओरडणारं कुणी नाही. परवा माझी बॅग तिनं खांद्यावर लावून पाहिली, आत डोकावली आणि म्हणाली, "आत्या, हिच्यात माझा डबासुद्धा मावायचा नाही गं."

मावत नाहीच. माझाही मावत नाही. मी पेठेत कुठेतरी मिसळ खाते.